मधल्या रिकाम्या जागेतला आवाज

टीव्हीच्या लांब कपाटावर दोन टोकांना दोन ब्लूटूथ स्पीकर ठेवलेत, मध्ये साधारण दोन मीटर अंतर. लावलंय एखादं जुनं भावगीत, ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं. जोडी नीट जुळलेली असेल तर गाणारीचा आवाज डावीकडूनही येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. तो बरोबर मधून येतो. तिथे स्पीकर नाही; टीव्हीचा रिमोट आहे, फार तर एखादी पितळी समई. डोळे मिटले तर गायिका समईच्या जागी उभी आहे असंच वाटतं. तबकडीवरचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज निघतोय. तरीही कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच येतो, आणि तो रिकाम्या जागेतून. स्टीरिओची सगळी मजा या रिकाम्या जागेत आहे, आणि जोडी जमली की नाही याची सगळ्यात खरी परीक्षासुद्धा तिथेच होते.

दुसरा स्पीकर विकत घेताना मात्र डोक्यात बहुतेक वेळा हिशेब असतो तो दुप्पट आवाजाचा. तो हिशेब चुकतो. एकाचे दोन सारखे स्पीकर झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. दोन्हींतून अगदी तोच सूर एकाच क्षणी कानावर आला तर फार तर ६. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. नुसता मोठा आवाज हवा असेल तर त्याच पैशांत एक मोठा स्पीकर घेणं शहाणपणाचं. दोन लहान घ्यायचे ते रुंदीसाठी. एकाच डब्यात दोन स्पीकर बसवून वर ‘स्टीरिओ’ छापलेलं असतं, पण त्या दोघांत जेमतेम १०-१५ सेंटिमीटर अंतर. समोरच्या खुर्चीत बसल्यावर डावं-उजवं काही उरत नाही.

दोन ठिकाणच्या आवाजातून मधली जागा उभी करता येते हे नीट मांडलं ते ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने. डिसेंबर १९३१मध्ये त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा दोन्ही आवाज एकाच तबकडीच्या एकाच खाचेतून, एकाच सुईने उचलले जाणार होते, त्यामुळे ते एकमेकांच्या मागेपुढे होण्याचा प्रश्नच नव्हता. वायर असेपर्यंत हा प्रश्न आलाच नाही. ब्लूटूथने तो आणला.

फोन ब्लूटूथवरून गाणं पाठवतो ती पद्धत म्हणजे ए-टू-डी-पी. ती मुळात एकास एक अशी आहे: एक पाठवणारा, एक ऐकणारा. दोन वेगळ्या डब्यांना डावं आणि उजवं वाटून देण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून स्पीकर बनवणाऱ्यांनी आडवाट काढली. फोन एकाच स्पीकरशी बोलतो, त्याला आपण मुख्य म्हणू. मुख्य स्पीकर पूर्ण स्टीरिओ गाणं घेतो, स्वतःची बाजू वाजवतो आणि दुसऱ्याला त्याची बाजू पुढे पाठवतो. भारतात मिळणाऱ्या बहुतेक मध्यम किमतीच्या स्पीकरांच्या खोक्यावर ‘टीडब्ल्यूएस’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. ही एक गोष्ट ध्यानात राहिली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात. फोनच्या यादीत एकच नाव का दिसायला हवं, मुख्य स्पीकरची बॅटरी आधी का उतरते, जोडी केल्यावर पल्ला कमी का होतो, या सगळ्यांचं उत्तर एकच: मुख्य स्पीकरचा एकच रेडिओ एका कानाने ऐकतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याला सांगतोय.

आणि हे सांगणं वेळेत व्हावं लागतं. किती वेळेत? आवाज एका बाजूने आला तर तो जवळच्या कानाला आधी आणि लांबच्या कानाला नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो आणि मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. म्हणजे दोन स्पीकरांत एका मिलिसेकंदाचीही तफावत पडली तर मधली गायिका सरकून आधी वाजणाऱ्या स्पीकरला जाऊन चिकटते. आता प्रत्येक स्पीकरच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं, क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारं. ब्लूटूथमध्ये या घड्याळाला दहा लाखांत २० भागांपर्यंत मागेपुढे चालायची मुभा आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण एका मिनिटात तो १.२ मिलिसेकंद होतो. दोन स्पीकर नुसते एकाच क्षणी सुरू करून सोडून दिले तर गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत जोडी फुटेल. म्हणून दुसरा स्पीकर सतत मुख्याच्या घड्याळाकडे कान लावून स्वतःची चाल किंचित कमी-जास्त करत असतो. मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात. ते सुरुवातीला एकमेकांशी मिळवले तरी मध्येच हात मणक्याकडे जातोच. तसंच आहे हे, फक्त सेकंदाला कित्येकदा चाललेलं.

हे चाल मिळवणं प्रत्येक कंपनीने स्वतःच्या पद्धतीने केलं, आणि गिऱ्हाइकाची फसगत नेमकी इथे होते. एका कंपनीचा स्पीकर दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरशी जोडीला बसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एकाच कंपनीत पिढ्या बदलतात हे दुकानात कुणी सांगत नाही. जेबीएल कंपनीच्या फ्लिप स्पीकरांचं उदाहरण घ्या, जोडीच्या पद्धतीचं नाव बदलत गेलं: फ्लिप ३मध्ये ‘कनेक्ट’, फ्लिप ४मध्ये ‘कनेक्ट प्लस’, फ्लिप ५ आणि ६मध्ये ‘पार्टीबूस्ट’ आणि फ्लिप ७मध्ये ‘ऑराकास्ट’. घरातल्या फ्लिप ४ला जोड म्हणून फ्लिप ५ आणला तर दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. फ्लिप ५ आणि फ्लिप ६ ओळखतात, एकत्र वाजतातही, पण फक्त पार्टीसाठी. स्टीरिओला दोन्ही तंतोतंत एकाच मॉडेलचे लागतात. जुन्या स्पीकरला जोड शोधत असाल तर तेच मॉडेल, जुनं का असेना, शोधून घ्या. नवं शोरूममध्ये कितीही चांगलं वाजलं तरी मोह टाळा.

पार्टी आणि स्टीरिओ हा फरक तर सगळ्यात जास्त निसटतो. पार्टी मोडमध्ये प्रत्येक स्पीकर डावं-उजवं एकत्र करून सगळं गाणं वाजवतो. एक हॉलमध्ये, एक गॅलरीत असेल तर तेच बरोबर. स्टीरिओत प्रत्येकाला अर्धंच गाणं मिळतं. पार्टीबूस्टमध्ये स्पीकरवरचं अनंताच्या चिन्हाचं बटण दोन्हींवर दाबलं की होते ती पार्टी. स्टीरिओ कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन वेगळा निवडावा लागतो. बटण दाबलं, दोन्ही वाजायला लागले, म्हणजे झालं, असं समजून वर्षानुवर्षं दोन मोनो स्पीकर ऐकणारी कित्येक घरं आहेत. त्यांचं वाईट वाटतं, कारण खर्च तर होऊन गेलेला असतो आणि उरलेलं असतं फक्त दोन मिनिटांचं काम.

ॲप नसलेल्या साध्या टीडब्ल्यूएस स्पीकरांची जोडी करताना क्रम पाळला तर अडत नाही. आधी फोनच्या ब्लूटूथ यादीतून दोन्ही स्पीकर काढून टाका, नुसते डिस्कनेक्ट नव्हे, ‘फर्गेट’ करा. मग फोनचं ब्लूटूथच बंद करा. दोन्ही स्पीकर निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या आणि हातभर अंतरावर ठेवून चालू करा. आता ज्याला मुख्य करायचंय त्याच्यावरचं जोडीचं बटण दाबा. बऱ्याच मॉडेलांत ते ब्लूटूथचं किंवा ‘एम’चं बटण असतं, दोनदा पटकन किंवा तीनेक सेकंद धरून, माहितीपत्रकात एक ओळ असतेच. माहितीपत्रक हे एकाच स्पीकरवर करायला सांगत असेल तर एकाच स्पीकरवर करा. दोन्हींवर दाबलं की दोघंही मुख्य व्हायला बघतात आणि एकमेकांची वाट बघत लुकलुकत बसतात. जुळले की ‘टुंग’ असा आवाज येतो आणि एकाचा दिवा स्थिर होतो. दुसऱ्याचा लुकलुकत राहतो, कारण तो आता फोन शोधतोय. तो मुख्य. मगच फोनचं ब्लूटूथ चालू करा. यादीत एकच नाव आलं पाहिजे. दोन आली तर जोडी झालेली नाही, पुन्हा पहिल्यापासून.

फोन आधी विसरायला का लावायचा? कारण दुसऱ्या स्पीकरलाही पूर्वीचा फोन आठवत असतो. तो चालू झाला की जोडीदार शोधण्याआधी ओळखीच्या फोनला जाऊन बिलगतो, आणि मुख्य बिचारा एकटा राहतो. काल जोडी होती आणि आज सकाळी नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. फोनमधून काढूनही हट्ट सुटत नसेल तर स्पीकर रीसेट करा. फ्लिप ५वर चालू असताना प्ले आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र १० सेकंद धरलं की जुन्या ओळखी पुसल्या जातात. इतरांत बटणं वेगळी, पण सोय जवळजवळ सगळ्यांत असते. ॲपवाले स्पीकर असतील तर दोन्हींचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, एकाच आवृत्तीचं आहे ना तेही बघा. एक आधी घेतलेला आणि एक आत्ता घेतलेला असेल तर ते हमखास वेगळं निघतं आणि स्टीरिओचा पर्याय ॲपमध्ये दिसतच नाही.

जोडी झाली की गाणं लावायच्या आधी डावं-उजवं तपासा. यूट्यूबवर ‘लेफ्ट-राइट टेस्ट’ शोधलं की ढीगभर मिळतात. ‘लेफ्ट’ म्हटल्यावर एकाच स्पीकरमधून आवाज यायला हवा आणि दुसरा पूर्ण गप्प. दोन्हींतून आला तर स्पीकरला दोष देण्याआधी फोनची सेटिंग्ज उघडा. ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ नावाची एक कळ असते. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे, पण चुकून चालू राहिली तर फोन स्पीकरकडे पाठवण्याआधीच डावं-उजवं एक करून टाकतो. मग जगातली कोणतीही जोडी स्टीरिओ वाजवू शकत नाही. तिच्या शेजारीच डाव्या-उजव्या तोलाची पट्टी असते, ती मध्यावर आहे ना पाहा. आणि फोनमधले ‘सराउंड’ किंवा तत्सम परिणाम बंद करा. हेडफोनसाठी केलेला तो खेळ दोन स्पीकरांवर मधला आवाज विस्कटून टाकतो.

काही फोनांत, उदाहरणार्थ २०१७च्या गॅलक्सी एस ८पासून सॅमसंगमध्ये, एकाच वेळी दोन ब्लूटूथ स्पीकरांना गाणं पाठवता येतं. त्याला ‘ड्युअल ऑडिओ’ म्हणतात. त्याला स्टीरिओ समजू नका. तिथे दोघांनाही पूर्ण गाणं जातं, आणि दोघांची चाल मिळवणारं कुणी नसल्यामुळे शब्दांना एक पोकळ घुमारा येतो. मॅकमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधून दोन स्पीकर एकत्र बांधता येतात, चालीतला फरक भरून काढायची खूणही तिथे आहे, पण दोन ब्लूटूथ डब्यांचा मुळातला उशीर वेगवेगळा असेल तर ती पुरी पडत नाही. उलट स्पीकरांनी आपापसात जोडी केलेली असेल तर लॅपटॉपला तो एकच स्पीकर वाटतो आणि सगळं सरळ चालतं.

डावा कुठला आणि उजवा कुठला याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. दोन्ही डबे दिसायला एक, रंग एक. चार्जिंगला लावताना अदलाबदल झाली की मुख्य स्पीकर भलत्या टोकाला जातो. डाव्याच्या बुडाला एक लाल टिकली चिकटवा. नेलपॉलिशचा ठिपकाही चालतो आणि धुतला जात नाही. डावं-उजवं उलटलं तर काय बिघडतं? मोनो गाण्यात काहीच नाही. पण ख्यालाची मैफल आठवा: गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. म्हणजे आपण समोर बसलो की तबला आपल्या डावीकडे. बैठकीची ही मांडणी राखून केलेलं ध्वनिमुद्रण उलट्या जोडीवर ऐकलं तर कानाला काहीतरी खटकत राहतं आणि पटकन कळत नाही काय ते. सिनेमात तर गाडी पडद्यावर डावीकडे जाते आणि आवाज उजवीकडे. ॲपमध्ये बाजू बदलायची कळ असते. ॲप नसेल तर डबेच बदलून ठेवा, किंवा जोडी मोडून दुसऱ्या स्पीकरवरून पुन्हा सुरू करा.

आवाजाची पातळी हा आणखी एक छुपा चोर. काही जोड्यांत एकावरचं बटण दाबलं की दोन्हींचा आवाज बदलतो, काहींत फक्त त्याचाच. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी जाता-येता एका डब्यावर ‘प्लस’ दाबतं आणि तोल जातो. दोन्ही पार तळापर्यंत कमी करा आणि मग दोन्हींवर मोजून सारख्याच वेळा वाढवा. त्यानंतर आवाज फोनवरूनच कमी-जास्त करायचा. तोल बसला की नाही ते त्या जुन्या भावगीताला विचारा. गायिका समईच्या डावीकडे सरकली असेल तर डावा किंचित मोठा आहे, किंवा तुम्ही डावीकडे सरकून बसला आहात.

कारण बसण्याची जागाही मोजावी लागते. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर दोन मीटर अंतरावर असतील तर प्रत्येकापासून तुमचं नाक दोन मीटरवर. फूटपट्टी नको, सुतळी घ्या: एका स्पीकरपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत ताणा, तीच दुसऱ्याला लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तीस अंश तापमानाला आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. म्हणजे कोचावर एक माणूस सरकून बसला की त्या एका मिलिसेकंदाचा फरक पडतो, ज्यासाठी आतली घड्याळं इतका खटाटोप करतात. तिघांच्या कोचावर खरा स्टीरिओ मधल्याच्याच नशिबी असतो. स्पीकर किंचित आतल्या बाजूला, श्रोत्याच्या थोड्या पुढे त्यांच्या रेषा छेदतील असे वळवले तर कडेला बसलेल्यांचाही थोडा फायदा होतो. चहूबाजूंनी वाजणाऱ्या गोल स्पीकरना ही युक्ती लागू नाही.

उंची कानाएवढी ठेवा. जमिनीवर ठेवलेले स्पीकर गोधडीत गुंडाळल्यासारखे वाजतात. कोपऱ्यात ढकलले की खर्ज फुगतो; दोघांनाही भिंतीपासून सारखं अंतर द्या, नाहीतर एका बाजूचा तबला गुबगुबीत आणि दुसरीकडची पेटी कोरडी असं होतं. काचेच्या शोकेसवर किंवा स्टीलच्या मांडणीवर ठेवले तर भांडी गुणगुणायला लागतात, खाली जुन्या माउसपॅडचा तुकडा टाकला की थांबतात. आपल्या खोल्यांत फरशी उघडी आणि भिंती गुळगुळीत, त्यामुळे घुमारा जास्त. समोर सतरंजी अंथरा. इतक्या स्वस्तात आवाजात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

तुटक आवाज येत असेल तर रेडिओलहरींची वाट तपासा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, वायफाय आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. पाणी ही लहर शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बव्हंशी पाणीच. फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड करून उभे राहिलात तर मध्ये तुम्हीच भिंत होता. दोन स्पीकरांच्या मधोमध कुणी येऊन बसलं तर दुसरा स्पीकर अडखळतो. फिशटँक मध्ये असेल तर विचारूच नका. फोन मुख्य स्पीकरच्या जवळ ठेवा, दुसऱ्याच्या नव्हे. राउटरला ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर घरातले फोन तिकडे वळवा. दोन स्पीकरांमधलं अंतर तीन-चार मीटरपलीकडे नेऊ नका.

सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत दोन टोकांना दोन स्पीकर ठेवून स्टीरिओ करायचा मोह होतो. तो करू नये. डाव्या टोकाला बसलेल्यांना निम्मंच गाणं ऐकू येईल, कदाचित तबला आणि अर्धा कोरस. तिथे पार्टी मोड, आणि दोन्ही स्पीकर स्टेजजवळ. पंधरा मीटरवरचा दुसरा स्पीकर ४० मिलिसेकंदांहून उशिरा पोचतो आणि आरतीचे शब्द एकमेकांवर चढतात.

जोडीत फोनकॉल आला तर तो बहुतेक फक्त मुख्य स्पीकरवर येतो, कारण बोलण्यासाठीची ब्लूटूथची वाट मुळात मोनोच आहे. तो बिघाड नाही. आवाज फोनकडून स्पीकरपर्यंत पोचायला एरवीही दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात, जोडीत त्याहून थोडे जास्त. व्हिडिओ दाखवणारी ॲप चित्र तेवढं मागे धरतात, म्हणून ओठ जुळतात. गेम धरत नाही. फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोट ठेवलं की सूर मागाहून येतो. तानपुऱ्याच्या ॲपला मात्र या उशिराचं काही सोयरसुतक नाही. रियाजाला जोडी लावायची असेल तर तानपुरा खुशाल लावा, दोन्ही बाजूंनी जवारी भरून येते.

उशीर अजिबात चालणार नसेल आणि दोन्ही स्पीकरना ३.५ मिलिमीटरचं छिद्र असेल, तर वायर आहेच. ३.५चं एक टोक आणि दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन पिना अशी तार घ्या. पांढरी डावी, लाल उजवी. प्रत्येकीला पुढे ३.५चा जोड लावून एकेका स्पीकरमध्ये घाला, आणि टीडब्ल्यूएसची जोडी आधी मोडा. दुकानात दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर पुढे करतील, तो घेऊ नका. तो दोघांनाही पूर्ण गाणं देतो.

राहिली बॅटरी. मुख्य स्पीकर दुप्पट राबतो म्हणून आधी संपतो, आणि संपताना दोन्ही गप्प होतात, दुसऱ्यात निम्मा चार्ज शिल्लक असला तरी. महिना-दोन महिन्यांनी जोडी मोडून दुसऱ्या स्पीकरवरून पुन्हा सुरू करावी, म्हणजे मुख्य स्पीकर पालटतो आणि दोन्ही बॅटऱ्या सारख्या झिजतात. टिकली तेवढी आठवणीने दुसरीकडे लावायची.